फ्रेम करताना पैसा कोठे खर्चावा?

प्रवासाहून परतणाऱ्या माणसाच्या सामानात एखादी गुंडाळी हमखास असते. बोधगयेला गेलेला पिंपळाचे जाळीदार पान आणतो, जगन्नाथपुरीच्या बाजूला गेलेला रघुराजपूरचे पट्टचित्र आणतो, डहाणू-जव्हारकडे गेलेला वारली चित्र आणतो. आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती वस्तू दाखवली जाते, कितीला पडली ते सांगितले जाते आणि नंतर "फ्रेम करून घेऊ या" असे म्हणून ती कपाटावर जाते. आमच्या घरी कपाटावर अशा सात गुंडाळ्या जमल्या होत्या. मुलीने इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या वर्षी काढलेली दोन चित्रेही त्यांतच होती. एका दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली काढल्या, तेव्हा एका चित्राच्या कडा कसरीने खाल्लेल्या निघाल्या.

फ्रेम न होण्याचे कारण जसा आळस, तसाच खर्चही. चित्रापेक्षा चौकट महाग हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. दोनशे रुपयांचे चित्र आणि दीड हजारांची फ्रेम हे गणित पगारदार माणसाला पटत नाही. आम्ही तर बँकेत आकडेमोडीवर पोट भरणारे. तरीही फ्रेमवाल्याच्या बिलातला कोणता आकडा गरजेचा आणि कोणता हौसेचा हे आम्हाला बरीच वर्षे कळले नव्हते. ते कळले एका नुकसानीमुळे, आणि ते नुकसान दुसऱ्या कोणी केले नाही, आमच्याच हिशेबीपणाने झाले.

आमचे आजोबा मुंबईत गिरणीकामगार होते. उभ्या आयुष्यात त्यांचा एकच फोटो निघाला. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसून काढलेला, अंगातला कोट कोणाकडून तरी मागून आणलेला. आमच्या वडिलांनी तो फोटो ट्रंकेत धोतराच्या घडीत जपून ठेवला होता. आम्ही नव्या घरी राहायला गेलो तेव्हा तो दर्शनी भिंतीवर असावा म्हणून फ्रेमवाल्याकडे नेला. त्याने विचारले, "साहेब, माउंट लावू का?" आम्ही विचारले, "त्याने काय होते?" तो म्हणाला, "शोभा येते." शोभेसाठी जादा पैसे कशाला, असे म्हणून आम्ही माउंट नाकारला आणि वाचलेल्या पैशांत आणखी भर घालून सोनेरी नक्षीची रुंद पट्टी निवडली. फोटो थेट काचेला टेकवून फ्रेम तयार झाली. दिसायला ती झकास दिसत होती.

दोन पावसाळे गेले. फोटोत खांद्याजवळ एक ओलसर चमकणारा डाग दिसू लागला, मग तो गालापर्यंत चढला. काचेला आतून बाफ धरली असेल, पुसून घेऊ, अशा समजुतीने आम्ही घरीच फ्रेम उघडली आणि फोटो उचलला. आजोबांचा अर्धा चेहरा काचेलाच चिकटून राहिला. वडील शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. काच हातात घेऊन खिडकीपाशी बराच वेळ बघत राहिले.

हे असे का होते ते आम्ही नंतर समजून घेतले. जुन्या कृष्णधवल फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असते. जिलेटिन म्हणजे हाडा-कातड्यापासून काढलेला शुद्ध सरसच म्हणा ना. दमट हवेत तो फुगतो, मऊ होतो आणि ज्याला टेकला असेल त्याला धरतो. पुढे हवा कोरडी झाली की सुकून काचेशी एकजीव होतो. आमच्या फ्रेमवाल्याने जो माउंट शोभेचा म्हणून सांगितला, तो मुळात काच आणि चित्र यांच्यामध्ये हवेला जागा ठेवण्यासाठी असतो. मध्यभागी खिडकी कापलेला तो पुठ्ठा साधारण दीड मिलिमीटर जाड असतो. तेवढ्या दीड मिलिमीटरने आजोबांचा चेहरा वाचला असता.

तेव्हा आम्हाला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, काटकसर चौकटीच्या बाहेरच्या अंगाला करावी, आतल्या अंगाला करू नये. लोकांना दिसते ती पट्टी स्वस्त चालेल. चित्राला जे जे टेकते ते मात्र चांगलेच हवे. आपण बहुतेक जण नेमके उलटे करतो.

आता बिल कसे बनते ते पाहू. पट्टीचा भाव फुटावर असतो, काचेचा आणि पाठीमागच्या बोर्डाचा चौरस फुटावर, आणि माउंट व मजुरी वेगळी. चित्र १२ बाय १८ इंचांचे आहे असे समजा. माउंट न लावता एक इंच रुंदीची पट्टी घेतली तर चित्राचा परीघ ६० इंच. पण पट्टीचे चार कोपरे ४५ अंशांत तिरके कापावे लागतात, त्यात पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी जास्त जाते, म्हणजे आणखी ८ इंच. एकूण ६८ इंच, दुकानदार ६ फूट धरील. सर्व बाजूंनी दोन इंचांचा माउंट सोडला तर बाहेरचे माप १६ बाय २२ होते, परीघ ७६ इंच, वर कोपऱ्यांचे ८, मिळून ८४ इंच म्हणजे बरोबर ७ फूट. समजुतीसाठी या पट्टीचा भाव फुटाला ५० रुपये धरू. माउंटामुळे पट्टीचा खर्च ३०० वरून ३५० वर गेला. त्यात माउंटाच्या बोर्डाची किंमत आणि थोडी वाढीव काच मिळवा. याउलट माउंटासह तीच फ्रेम दोन इंच रुंदीच्या नक्षीदार पट्टीत केली आणि तिचा भाव फुटाला ११० धरला, तर कोपऱ्यांचेच १६ इंच जातात, एकूण ९२ इंच म्हणजे ८ फूट, आणि पट्टीचे ८८० रुपये होतात. बाजारात भाव काहीही असोत, हे प्रमाण फारसे बदलत नाही. खिसा रिकामा करते ती नक्षी, माउंट नव्हे.

रुंद, चकचकीत सोनेरी पट्टी पाहून पूर्वीसारखे लाकूड मिळते असेही समजू नये. आज दुकानात टांगलेल्या पट्ट्यांपैकी पुष्कळशा पॉलिस्टायरीनच्या असतात, आणि टाकाऊ थर्माकोल वितळवूनही त्या बनवल्या जातात. त्यात वाईट काही नाही. त्यांना वाळवी लागत नाही, वजन कमी, आणि लहान-मध्यम चित्राला त्या पुरतात. फक्त साधी, अरुंद, काळी किंवा तपकिरी पट्टी मागावी. मोठ्या आणि जड काचेला मात्र लाकडी पट्टीच बरी, कारण तिचे कोपरे खिळे नीट धरतात.

पैसे वाचवण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे चित्रासाठी फ्रेम न करता फ्रेमच्या मापात चित्र बसवणे. ए-फोर, ए-थ्री, १२ बाय १८ अशा ठरावीक मापांच्या तयार फ्रेमा दुकानांत मिळतात आणि आता घरबसल्याही मागवता येतात. त्या मापाने करून घेतलेल्या फ्रेमेहून बऱ्याच स्वस्त पडतात. ए-फोर कागदावरचे चित्र असेल तर ए-थ्रीची तयार फ्रेम घ्यावी. दोन्ही बाजूंना सुमारे पावणेदोन इंच आणि वर-खाली सुमारे अडीच इंच माउंटाला जागा उरते. अगदी ऐटदार दिसते. मग फ्रेमवाल्याकडून फक्त खिडकी कापलेला माउंट करून घ्यायचा. तयार फ्रेमेत जो पातळ कागदी माउंट येतो तो काढून टाकावा, तो बहुधा नावापुरता असतो. विद्यार्थी मित्रांनी चित्र काढतानाच हा विचार केला तर अधिक चांगले. पाव इंपीरियल कागद ११ बाय १५ इंचांचा असतो. कडेला अर्धा-पाऊण इंच कोरा सोडून चित्र काढले की पुढे माउंटाखाली चित्राचा भाग झाकला जात नाही.

दुसरा मार्ग एकत्र फ्रेम करण्याचा. सहलीत आणलेली ६ बाय ८ इंचांची चार छोटी चित्रे आहेत असे समजा. प्रत्येकाला दोन इंचांचा माउंट देऊन चार फ्रेमा केल्या तर परीघांची बेरीज १७६ इंच होते आणि कोपरे सोळा. तीच चार चित्रे मधे व कडेने दोन-दोन इंच सोडून एकाच माउंटातल्या चार खिडक्यांत बसवली, तर फ्रेम १८ बाय २२ ची होते, परीघ ८० इंच, कोपरे चार. पट्टी निम्म्याहून कमी, काचही कमी. भिंतीला खिळाही एकच. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना या शेवटच्या मुद्द्याचे मोल कळेल.

जुन्या फ्रेमाही टाकू नयेत. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला, आणि त्यानंतर काचेखालचे चित्र ही केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू राहिली नाही. जुन्या घरांच्या माळ्यांवर त्यामुळे चौकटींचा तोटा नाही. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारातही अशा चौकटी विकायला आलेल्या दिसतात. सागवानी असेल आणि वाळवीची भोके नसतील तर निःशंक घ्यावी. नवी काच, नवा माउंट, नवी पाठ, आणि चौकट तेवढी आजोबांच्या काळची.

बाहेरची काटकसर एवढी सांगितल्यावर आता आत वळू. साधा माउंट बोर्ड लाकडाच्या लगद्याचा असतो. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते. वर्तमानपत्र उन्हात ठेवले की ते पिवळे पडते ते त्याच्याचमुळे. अशा बोर्डात कालांतराने आम्ल तयार होते आणि ते शेजारच्या कागदात उतरते. जुनी फ्रेम उघडल्यावर चित्राभोवती खिडकीच्या कडेला लागून तपकिरी रेघ दिसते, ती हीच. ती पुसून जात नाही. यावर उपाय आम्लरहित बोर्ड मागणे. तो साध्यापेक्षा महाग असतो हे खरे. पण ३२ बाय ४० इंचांच्या एका अख्ख्या बोर्डात १६ बाय २० चे चार माउंट निघतात, आणि प्रत्येक खिडकीचा कापून निघालेला तुकडा छोट्या चित्राच्या कामी येतो. चार घरांनी मिळून एक बोर्ड आणला तर कोणालाच जड जात नाही. आमच्या इमारतीत आम्ही हेच केले आणि अकरा फ्रेमा एकदम टाकल्या. फ्रेमवाल्याने मजुरीतही सूट दिली. मात्र दिवाळीच्या तोंडावर किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊ नये. तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि घाईचे काम चिकटपट्टीवर निभावले जाते.

चित्रामागे बहुतेक ठिकाणी तपकिरी हार्डबोर्ड घालतात. तोही आम्लधर्मीच. तो बदलण्याचा आग्रह धरला नाही तरी चालेल, पण चित्र आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये आम्लरहित बोर्डाचा पुठ्ठा घालायला सांगावे. तेही परवडत नसेल तर सुती चिंध्यांपासून बनवलेला जाड हातकागद घालावा. सुती तंतूत लिग्निन नसते. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेने हा कागद महाराष्ट्रात अनेकांच्या परिचयाचा केला.

आता सर्वांत नाजूक गोष्ट: चित्र आत कशाने बसवावे? फ्रेमवाला घाईत असेल तर मागून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारतो किंवा सरळ गोंद लावून पुठ्ठ्यावर चिकटवतो. दोन्ही वाईट. चिकटपट्टीचा चीक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात झिरपतो आणि पुढच्या बाजूला डाग उमटवतो. शिवाय कागद पावसाळ्यात पसरतो, उन्हाळ्यात आक्रसतो. चारी बाजूंनी जखडला तर त्याला लाटा येतात. छोट्या चित्राला जुन्या अल्बममध्ये असत तसे कागदी कोपरे उत्तम. चांगल्या कागदाच्या घड्या घालून ते घरीही होतात, आणि चित्राला कणभरही गोंद लागत नाही. मोठे चित्र असेल तर पातळ पण लांब धाग्याच्या जपानी किंवा नेपाळी कागदाच्या दोन पट्ट्या फक्त वरच्या कडेला मागून लावायच्या आणि चित्र त्यांवर लोंबते ठेवायचे. त्यासाठी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतात त्याच जातीची. अर्थात मीठ न घालता. ही खळ पुढे कधीही किंचित पाण्याने सुटते. चित्राला असे काही करू नये जे उद्या सोडवता येणार नाही, हा संग्रहालयांतला मोठा नियम आहे, आणि तो पाळायला पैसे लागत नाहीत.

याच नियमाने लॅमिनेशनचाही निकाल लागतो. एकेकाळी लाकडी पाटीवर फोटो चिकटवून वर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवण्याची मोठी टूम होती; काच नको, फुटण्याची भीती नको. बाजारात पुन्हा मिळणाऱ्या छापील चित्राला ते ठीक आहे. संविधानाच्या उद्देशिकेची रंगीत प्रत पुष्कळांच्या घरी अशी लावलेली असते, त्याला हरकत नाही, कारण ती छापील प्रत आहे. मूळ संविधानाची गोष्ट वेगळी. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातल्या सहकाऱ्यांनी सजवलेली ती पाने (उद्देशिकेचे पान ब्योहार राममनोहर सिन्हांच्या हातचे) दिल्लीला संसदेच्या ग्रंथालयात निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेट्यांत ठेवली गेली. कागदाचे शत्रू म्हणजे हवा, ओल आणि उजेड. त्यांच्यापासून त्याला दूर ठेवायला एवढा खटाटोप करावा लागतो. आपल्या हातची मूळ वस्तू एकमेव असेल तर ती प्लॅस्टिकमध्ये भाजून काढू नये. गुणपत्रिका, जातीचा दाखला, पदवी यांचेही तेच. विद्यार्थ्यांना कळकळीने सांगणे आहे की, मूळ दाखले लॅमिनेट करू नका. भिंतीवर लावायचाच असेल तर त्याची रंगीत झेरॉक्स लावा.

किंबहुना स्वस्तातला सर्वांत शहाणा मार्ग हाच आहे. मूळ फोटो किंवा कागद स्कॅन करून, फोटो लॅबमध्ये मॅट कागदावर प्रत काढून ती फ्रेम करावी आणि मूळ वस्तू आम्लरहित कागदात घडी न घालता सपाट ठेवावी. प्रत बिघडली तर दुसरी निघते. आजोबांच्या फोटोच्या बाबतीत एवढी एक गोष्ट केली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. कोणाकडे फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर त्याने आमच्यासारखा तो ओढू नये. काचेसकट तसाच ठेवावा, काचेतून स्कॅन किंवा चांगला फोटो काढून घ्यावा, आणि वस्तू तितकी मोलाची असेल तर जाणकाराला दाखवावी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे, तेथे विचारणा करता येईल.

प्रवासातल्या वस्तूंविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे, कारण प्रत्येकीची जात निराळी. पिंपळाचे जाळीदार पान तयार करताना ते बरेच दिवस पाण्यात कुजवून गर कुंचल्याने झाडून टाकतात आणि शिरांचे जाळे तेवढे ठेवतात. ते गोंदाने पूर्ण चिकटवले की जाळीची भोके बुजतात आणि रंग काळवंडतो. फक्त देठाशी खळीचा एक ठिपका पुरे. मागे फिकट रंगाचा कागद आणि काच दूर राहावी म्हणून एकावर एक दोन माउंट. पट्टचित्र कापडावर चिंचोक्यांची खळ आणि खडूची पूड यांचे लेप देऊन केलेले असते, त्यामुळे घट्ट गुंडाळी केली तर त्याला तडे जातात. आणतानाच शक्यतो सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आणावे. गुंडाळावेच लागले तर जाड नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून. वारली चित्रातला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असेल तर तो भुकटीसारखा सुटतो. त्याला काच टेकू देऊ नये. पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांचे तसेच, आणि तेथे काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा तर मुळीच घालू नये, कारण घासला की तो विजेने भारतो आणि रंगाची पूड स्वतःकडे ओढून घेतो. भरतकामाचा किंवा पैठणीच्या पदराचा तुकडा असेल तर सुती कापड चढवलेल्या पुठ्ठ्यावर कडेने बारीक टाके घालून तो बसवावा. गोंद नाही. हे काम घरातले कोणीही करील आणि मजुरीही वाचेल. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच लागतच नाही, माउंटही नाही. साधी पट्टी पुरे.

आणि काचेची तयार फ्रेम प्रवासातून आणू नये. वजन, फुटण्याची धास्ती, आणि आतून काय चिकटवले आहे ते कळत नाही. आम्ही एकदा अशी फ्रेम रेल्वेतून मांडीवर घेऊन आलो. मनमाडला चहावाल्यासाठी उठलो आणि तिच्यावरच बसलो.

फ्रेम घरी आल्यावर ती कोठे लावावी हाही खर्चाचाच प्रश्न आहे, कारण चुकीच्या भिंतीवर चांगली फ्रेमही टिकत नाही. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळावी. घरात तीच एक मोकळी असेल तर फ्रेमेच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते आणि ओल सरळ आत शिरत नाही. हे तुकडे जुन्या बाटल्यांच्या बुचांचे निघतात, फुकट. उन्हाचा प्रकार अधिक फसवा. दुकानाच्या दर्शनी काचेतल्या जुन्या जाहिराती निळसर पडलेल्या आपण पाहतो. लाल आणि पिवळा रंग आधी उडून जातात म्हणून त्या तशा दिसतात. साधी काच उन्हातल्या घातक किरणांचा काही भागच अडवते. संग्रहालये कागदावरची चित्रे साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवतात. आपल्या खिडकीतला दिवसाचा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. अतिनील किरण अडवणारी काच मिळते पण ती महाग. त्यापेक्षा खिडकीसमोरची भिंत सोडून खिडकीच्या बाजूची भिंत निवडावी. आम्ही आणखी एक युक्ती करतो. मागची पाठ फिरत्या कड्यांनी बसणारी एकच फ्रेम केली आहे आणि तिच्यातले चित्र दर चार-सहा महिन्यांनी बदलतो. एका फ्रेमेच्या पैशांत पाच चित्रे भिंतीवर येतात आणि प्रत्येकाला उजेडापासून विसावाही मिळतो. मुलीची दोन्ही चित्रे अशीच आळीपाळीने लागतात. कसरीने खाल्लेली कड माउंटाखाली गेली आहे.

फ्रेमवाल्याशी बोलताना संकोच बाळगू नये. चित्र कशाने बसवणार, मागे काय घालणार, काचेला टेकणार नाही ना, हे तीन प्रश्न विचारावेत आणि पाठ बंद करण्यापूर्वी दाखवायला सांगावे. चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक आवडते. आमचा हल्लीचा फ्रेमवाला तर आता आम्हाला विचारण्याआधीच पाठ उघडी ठेवून बोलावतो. पावतीवर बाहेरचे माप, पट्टीची रुंदी आणि "आम्लरहित" हा शब्द लिहून घ्यावा.

पाठ बंद होण्यापूर्वी एक काम मात्र आपले आपण करावे. मागच्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने, शाईने नव्हे, वस्तूचे नाव, ठिकाण, साल आणि ती कोणी आणली ते लिहावे. आजोबांचा फोटो गेल्यावर वडिलांनी गावाकडच्या नातेवाइकांकडून एक गटफोटो मिळवला. दुसऱ्या रांगेत कडेला आजोबा आहेत, चेहरा बोटाच्या पेराएवढा. तो स्कॅन करून मोठा केला, माउंटासह साध्या काळ्या पट्टीत बसवला. मागे लिहायला पेन्सिल घेतली तेव्हा फोटो कोणत्या सालचा हे कोणालाच सांगता येईना. वडिलांनी पेन्सिल मागून घेतली आणि आजोबांचे नाव, गिरणीतले त्यांचे खाते आणि खाली स्वतःचे नाव लिहिले. सालाची जागा कोरी ठेवली आहे.